वस्तरा



मागच्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात एक ठराव आला. गोरं करणारी मलमं, गोरं करणारी इंजेक्शनं, जत्रेत फुटपाथवर बसून मशीननं गोंदणारे, या सगळ्यांवर सरकारनं सरसकट बंदी घालावी, असं निवेदन कलेक्टर कचेरीत द्यायचं. आणि मी कविता करतो म्हणून निवेदन मी लिहायचं. (कविता करणाऱ्याला अर्ज लिहिता येतो, असा आपल्या वस्तीत समज आहे. रेशनकार्डापासून जामिनापर्यंत सगळं माझ्याकडं येतं.)

ठरावामागचं कारण माझ्याच घरातलं. धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते. जाताना जिन्यात एकजण म्हणाला, पोरगी चांगलीय, पण रंगानं मार खाते. आपलेच लोक. आल्याबरोबर जय भीम म्हणालेले, बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून चहा पिलेले. बहिणीनं ते ऐकलं. मग कुठल्याशा दुकानातून बिननावाची ट्यूब आली. पहिले काही दिवस चेहरा उजळला, आई खूश झाली. नंतर लाल झाला, पुरळ उठला, कातडं सोलायला लागलं. ट्यूब बंद केली की आगडोंब, लावली की थोडं थंड. डॉक्टरीणबाईंनी ट्यूब हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, यात स्टेरॉइड आहे, कातडी पातळ झालीय, आता वर्ष जाईल.

तेव्हा सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो होतो, बंदी घाला म्हणून. पण रात्रपाळी करून आल्यावर कागद पुढं घेतला नि पहिल्याच ओळीला अडलो. 'सरकारने बंदी घालावी.' कुणावर? ट्यूब करणाऱ्यावर, विकणाऱ्यावर, की लावणाऱ्या माझ्या बहिणीवर? मराठीत वाक्य लिहिताना कर्म ठरवावं लागतं. ते ठरेना. म्हणून जुनी पुस्तकं काढली, आणि जे सापडलं ते इथं मांडतोय. इतिहास लिहायचा माझा अधिकार नाही, शाळा नववीत सुटली. पण पुण्यात राहून इतिहास न वाचणं परवडत नाही.

माणसानं आपलं शरीर कसं मिरवावं यावर हुकूम चालवणारं सरकार याच गावात होऊन गेलंय. गळ्यात मडकं नि कमरेला झाडू ही पुण्याची गोष्ट बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त लिहून ठेवली, ती तुम्हांला पाठ आहे. पण तिथंच सोनारांचीही हकिगत आहे. सोनार मंडळी निऱ्यांचं धोतर नेसायला आणि 'नमस्कार' म्हणायला लागली. ते पेशव्यांना खपलं नाही. पुण्यात दडपलंच, शिवाय मुंबईत राहणाऱ्या सोनारांसाठी कंपनी सरकारकडूनही मनाई हुकूम काढून घेतला. १७७९ साल. म्हणजे धोतराच्या निरीवर बंदी! फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेनं १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला, त्यात तर याहून भयंकर आहे. इमारतीच्या पायात शेंदूर पाजून पुरलेले मांग आहेत, तालीमखान्यापुढून गेला म्हणून डोकं उडवलेला माणूस आहे. तेव्हा 'सरकारनं शरीराचे नियम करावेत' असं आपण लिहितो तेव्हा थोडं अंग शहारलं पाहिजे. सरकार बदललंय, घटना आपल्या बापानं लिहिलीय, हे खरं. तरी शहारलं पाहिजे.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. ती आहे केशवपनाची.

वर्गात मी विषय काढला तर एक मित्र म्हणाला, बामणाच्या विधवांच्या केसांशी आपल्याला काय करायचंय? थांब म्हणालो, शेवटपर्यंत ऐक.

नवरा मेला की ब्राह्मणाच्या घरात बाईचं कुंकू जायचं, बांगड्या जायच्या, मंगळसूत्र जायचं. आणि न्हावी बोलवला जायचा. मागल्या अंगणात बसवून डोकं साफ. मग आलवण नेसायचं, एकवेळ जेवायचं, शुभकार्यात तोंड दाखवायचं नाही. डोक्यावर खुंट दिसायला लागले की पुन्हा न्हावी. अशा बाईला 'सोवळी' म्हणायचे, जणू काही बक्षीस दिलंय. कितीक पोरी तर दहा-बारा वर्षांत विधवा झालेल्या, नवऱ्याचं तोंडही धड आठवत नसलेल्या. हेतू उघड होता. बाई कुरूप झाली पाहिजे. कुणाची नजर जाऊ नये आणि तिनंही आरशात बघू नये. आणि घरातले म्हणायचे काय, तर ती आपण होऊन बसते वस्तऱ्याखाली, तिचा धर्म आहे.

कुरूप करूनही नजरा थांबल्या नाहीत. घरातल्याच माणसांच्या थांबल्या नाहीत. १८६३ साली जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते यामुळं. काशीबाई नावाच्या एका विधवेनं जन्मलेलं पोर मारून विहिरीत टाकलं आणि तिला काळ्या पाण्याची सजा झाली, ती घटना त्यांना झोंबली. तात्यासाहेबांनी पुढं लिहून ठेवलंय की त्या घरात ३५ बायका बाळंत झाल्या. पोरं जगली ५. बाकीची गेली, कारण दिवस राहिलेले लपवायला आयांनी आधीच विषारी औषधं घेतली होती. ही वाक्यं मी रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत वाचली. डबा तसाच परत नेला.

ही ३५ आणि ५ ची नोंद कुठली? इथंच आपल्या प्रश्नाचं मूळ आहे. १८८४ साली मुंबईच्या बेहरामजी मलबारी या पारशी संपादकानं सरकारला दोन टिपणं दिली, एक बालविवाहावर आणि एक सक्तीच्या वैधव्यावर. सरकारनं ती छापून मोठमोठ्या लोकांकडं मत मागायला पाठवली. सरकारनं कायदा करावा की नाही, हाच सवाल होता. तुमच्या-माझ्या ठरावाचाच सवाल. कैक विद्वानांनी लिहिलं की कायदा नको, शिक्षण वाढेल तशी सुधारणा होईल. गंज पेठेतल्या आमच्या माळ्यानं ४ डिसेंबर १८८४ ला वेगळं मत पाठवलं. विधवेचे दागिने कसे ओरबाडतात, नातेवाईक डोकं कसं जबरीनं भादरतात, खायला-नेसायला कसं देत नाहीत, हे सगळं सांगून त्यांनी मागणी केली की कुठल्याही न्हाव्याला ब्राह्मण विधवेची हजामत करायची मुभा असू नये.

ही मागणी मी दहा वेळा वाचली. माझं अडलेलं कर्म इथं सापडलं. बंदी विधवेवर मागितली नाही. विधवेनं केस ठेवलेच पाहिजेत, नाहीतर दंड, असं म्हणाले नाहीत. बंदी मागितली ती वस्तरा धरणाऱ्या हातावर. आणि त्या हातामागं कोण उभं आहे तेही लिहिलं: नातेवाईक. 'ती आपण होऊन बसते' या भानगडीत तात्या पडलेच नाहीत. जिला उपाशी ठेवणार, घराबाहेर काढणार, तिच्या हो-नाहीला काय अर्थ? ती हो म्हणो की नाही म्हणो, वस्तरा चालवायचा नाही.

सरकारनं १८८६ साली कळवलं की या बाबतीत कायदा करणार नाही. रूढीत हात घालायला नको. १८५७ विसरले नव्हते. पुण्यातले पुढारीही तेच म्हणत होते. टिळकांनी १८९० मध्ये आपली कलमं मांडली, त्यात विधवेचं विद्रूपीकरण नको हेही कलम होतं, हे नाकारायचं कारण नाही. पण ते बंधन कबूल करून सही करणाऱ्यांपुरतं, सरकारनं मधे येऊ नये. म्हणजे वाईट आहे हे सगळ्यांना कबूल. फक्त थांबवायचं कुणी, यावर घोडं अडलेलं. आपल्याकडं ही जुनी खोड आहे, वाईट म्हणायला सगळे पुढं.

मग थांबवायला पुढं आलं कोण? ज्यांच्या हातात वस्तरा होता ते. १८९० सालीच नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढाकार घेतला, मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि त्यांनी ठरवलं की विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही. हे लोखंडे कोण? मूळचे आपल्या पुणे जिल्ह्यातले, खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे. मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर. सत्यशोधक. 'दीनबंधू'चे संपादक. आणि गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारा माणूस. त्याच १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली, तीही लोखंड्यांच्या लढ्यानं. तुम्ही रविवारी अभ्यासवर्गाला बसता ना, ती सुट्टी इंग्रजानं फुकट दिलेली नाही. एका वर्षात एका माणसानं गिरणीतल्या मजुराचा एक दिवस सोडवला आणि परजातीच्या विधवेच्या डोक्यावरचा वस्तरा अडवला. कामगार चळवळीच्या भाषणात मला पहिली गोष्ट सांगितली, दुसरी कुणीच नाही.

न्हाव्यानं नाही म्हणणं सोपं नव्हतं. गावगाड्यात तो बलुतेदार. खळ्यावर पाटील-कुळकर्ण्यांनी धान्य घातलं तर घरात भाकरी. शहरात डोक्यामागं पैसा, आणि विधवेचं डोकं म्हणजे कायमचं गिऱ्हाईक. तरी नाही म्हणाले. हा संप पगारवाढीसाठी नव्हता, स्वतःच्या कमाईवर पाणी सोडण्यासाठी होता. केशवपन एका सभेनं बंद पडलं नाही, पुढं विसाव्या शतकातही चालू राहिलं. पण 'करणारे हात मिळणार नाहीत' ही भीती पहिल्यांदा धर्माच्या मालकांना वाटली.

आता माझ्या त्या मित्राला उत्तर देतो. हाच वस्तरा आपल्या डोक्यापर्यंत यायला तयार नव्हता. बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय, साताऱ्यात न्हावी खंडीभर होते, पण एकही त्यांचे केस कापायला तयार नव्हता. थोरली बहीण अंगणात बसवून भावांचे केस कापायची. बघा हं. ब्राह्मणाच्या विधवेला नको असताना वस्तरा, आणि महाराच्या पोराला हवा असताना नाही. न्हावी एकच. त्याला दोन्ही हुकूम एकाच पोथीतून आलेले. १८९० च्या न्हाव्यांना मी सलाम करतो, पण त्यांनी दुसरा ठराव केला नाही हे विसरत नाही. तो ठराव १९५५ साली दिल्लीच्या कायद्यानं केला. अस्पृश्यता गुन्हा ठरली, सलूनचं दार बंद करणं गुन्हा ठरला. तिथं न्हाव्याच्या मनपरिवर्तनाची वाट बघत बसलो असतो तर अजून बहिणीनंच केस कापले असते. म्हणून सरकारी कायद्याला नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. कायदा आम्हांला हवा असतो, कारण आमच्या बाजूनं रूढी कधीच नसते.

अजून एक केसांचीच गोष्ट. आपल्या पोरींच्या डोक्यात गुंता होऊन जट झाली की तो यल्लम्माचा बोलावणा समजायचा. कंगवा लावायचा नाही, कापायची नाही, पोर देवीला सोडायची. तिकडं केस ठेवायला बंदी, इकडं कापायला. मुंबई इलाख्यात देवदासींसाठी कायदा १९३४ साली झाला. १९३६ साली बाबासाहेबांनी मुंबईत जोगतिणी-मुरळ्यांपुढं भाषण करून हे जिणं टाका म्हणून सांगितलं. तरी प्रथा उरली, आणि महाराष्ट्राला २००५ साली पुन्हा कायदा करावा लागला. कागदावर दोन कायदे आहेत. पण जट सुटते ती कुणीतरी शेजारी बसून, बाईची भीती ऐकून घेऊन, कात्री हातात घेतल्यावर. पुण्यात अंनिसच्या नंदिनी जाधव यांनी अशा शेकडो जटा सोडवल्या. आधी समजूत, मग कात्री.

बगाडाचंही असंच बघा. पाठीच्या कातड्यात लोखंडी गळ टोचून नवसाचा माणूस लाकडाला टांगायचे. इंग्रज सरकारनं एकोणिसाव्या शतकात गळाला बंदी केली. आज वाईजवळच्या बावधनला रंगपंचमीला बगाड निघतं, पण माणूस दोरानं बांधलेला असतो. गळ गेला, जत्रा राहिली. पण २०२१ साली करोनात जत्रेलाच मनाई केली तेव्हा लोकांनी पहाटे बगाड काढलंच, आणि पोलिसांनी गुन्हे दाखल केले.

आणि एका गोष्टीला तर बंदीची गरजच पडली नाही. डिसेंबर १९२७, महाड. मनुस्मृती जाळल्यावर बाबासाहेब बायकांशी बोलले. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, गळ्यात गळसऱ्यांचा भार, हातात कोपरापर्यंत कथलाचे दागिने, ही आपल्या अंगावरची जातीची खूण आहे, ती टाका. कुणाच्या अंगावरून ओढून काढा असं म्हणाले नाहीत, दंड सांगितला नाही. चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या बायकांनी नेसणं दाखवलं, आणि आपल्या आज्या-पणज्या तिथंच लुगडी घोट्यापर्यंत नेसून बाहेर पडल्या. हे सरकारी हुकमानं झालं असतं तर त्याच बायकांनी कथलाची काकणं पोटाशी धरून लपवली असती.

माझ्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण होतं. ती म्हणायची, मेल्यावर सोनं-नाणं काढून घेतील, गोंदण तेवढं माझ्याबरोबर येईल. तिच्या अंगावरचं दुसऱ्या कुणाला काढून न घेता येणारं तेवढंच होतं. आज तुमच्यातल्या निम्म्यांच्या दंडावर बाबासाहेबांची सही आहे. माझ्याही आहे. एक जानेवारीला गर्दीत फुटपाथवर बसून काढली, सुई बदलली की नाही ते विचारलं नाही. त्या सुईतून कावीळ येते, एचआयव्ही येतो, हे नंतर कळलं. रक्त तपासून येईपर्यंत चार रात्री झोप नव्हती. निघालं काही नाही. आता ठरावाप्रमाणं गोंदणाऱ्यावर सरसकट बंदी आली तर पोलीस पहिला कुठल्या जत्रेत घुसणार, ते तुम्हीच सांगा. मॉलमधल्या दुकानात नक्कीच नाही. सुई नवी पाहिजे, शाई बंद बाटलीतली पाहिजे, गोंदणाऱ्या पोराला शिकवून परवाना दिला पाहिजे. तो पोरगाही आपल्यासारखाच भटका, पोटासाठी बसलेला.

मलमाचं मात्र तसं नाही. तिथं माझं मन कच्चं नाही. काही मलमांत पारा असतो. पारा कातडीचा रंग तयार होऊ देत नाही म्हणून माणूस उजळ दिसतो, पण तो कातडीतून रक्तात जातो आणि किडनीची चाळणी खराब करतो. २०२३ साली अकोल्याची बातमी आली होती, एका घरातल्या तिघी मायलेकींना किडनीचा आजार, मुंबईच्या केईएममध्ये कारण सापडलं ते गोरं करणारं मलम. आता गंमत बघा, २०२० च्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत पारा घालायला आधीच बंदी आहे. चुकून राहिला तरी दहा लाखांत एक भाग, एवढीच सूट (डोळ्यांच्या प्रसाधनांची गोष्ट निराळी). स्टेरॉइडची मलमं २०१८ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. म्हणजे बंदी आहे! आपण जी मागायला निघालो ती कायद्याच्या पुस्तकात बसलेली आहे. माझ्या बहिणीला ट्यूब देणाऱ्यानं चिठ्ठी मागितली नाही एवढंच.

आणि पाऱ्याशिवायचा गोरेपणा तर उजळ माथ्यानं विकला जातो. १९७५ पासून या देशात 'फेअर अँड लव्हली' विकली गेली. २०२० साली जगभर काळ्या माणसांचं आंदोलन पेटलं तेव्हा नावातलं 'फेअर' जाऊन 'ग्लो' आलं. ट्यूब तीच राहिली. जिन्यात बोललेल्या पाहुण्याचं वाक्य कंपनीनं लिहिलेलं नाही, ते आधीपासून होतं. कंपनीनं त्याला किंमत लावली.

२०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, विधवेच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसं करायला सांगितलं. मलबारींचं टिपण १८८४ चं, हेरवाड २०२२ चं. मधलं अंतर मोजा.

तर निवेदन लिहून झालंय. सरसकट हा शब्द खोडला. पारा आणि स्टेरॉइड घातलेली मलमं करणारा, विकणारा, पार्लरमध्ये लावणारा, यांच्यावर आहे तोच कायदा चालवा, दुकानं तपासा आणि तपासलेल्या दुकानांची यादी दर महिन्याला दाराबाहेर लावा. गोरं करणारी इंजेक्शनं टोचणाऱ्यावर गुन्हा. गोंदणाऱ्यांना सुया, शिक्षण, परवाना. लावणारीवर, टोचून घेणारीवर, गोंदवून घेणाऱ्यावर काहीही नाही, असं वेगळं कलम घातलंय. ते कुणी काढायला सांगितलं तर मी सही करणार नाही.

बहिणीला वाचून दाखवलं. चेहऱ्यावर कोरफड लावून बसली होती. म्हणाली, दादा, हे कलेक्टरचं झालं. जिन्यातल्या पाहुण्यांचं कलम कुठाय? म्हणालो, ते कलेक्टरला कसं लिहायचं. म्हणाली, मग ते अभ्यासवर्गात लिहा. रंग विचारणाऱ्या घरात आपल्या वर्गातलं कुणी सोयरीक करणार नाही, लग्नात जेवायलाही जाणार नाही, पत्रिका छापून देणार नाही. न्हाव्यांनी केलं तसं.

आपल्या वर्गात लग्नाला आलेले सातजण आहेत. त्यातल्या दोघांनी मुलीचा फोटो आधी मागवलाय, मला माहीत आहे. ठराव रविवारी मांडतोय. सकाळी १० वाजता, बुद्धविहारात. सह्यांसाठी पेन आणा.